गॅरेजवाल्यांवरचा विश्वास उडालाय, आता गाडी घरीच उघडू का?

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात) :

वय ४३, खासगी नोकरी, पश्चिम महाराष्ट्रातलं एक मध्यम आकाराचं शहर. घरात दोन गाड्या. १०० सीसीची मोटरसायकल हे स्वतः वापरतात. ११० सीसीची स्कूटर २०२१ची आहे. तिच्यावरून पत्नी ऑफिसला जातात आणि जाता जाता मुलीला शाळेत सोडतात. चार महिन्यांपूर्वी स्कूटर अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली. बिल झालं ४,८६० रुपये. त्यात नवा एअर फिल्टर, ‘इंजिन फ्लश’, ‘थ्रॉटल बॉडी क्लीनिंग’ आणि ‘टेफ्लॉन कोटिंग’. घरी आल्यावर शंका आली म्हणून फिल्टरचं झाकण उघडलं, तर आत जुनाच फिल्टर. पावसाळ्यात उंदराने कुरतडलेला कोपरासुद्धा तसाच. त्याआधी नाक्यावरच्या मिस्त्रीने मोटरसायकलला ‘ओरिजिनल’ म्हणून बसवलेला चेन-सेट वर्षभरात गेला होता. ‘सगळे चोर आहेत’ असं ठरवून यांनी ६,५०० रुपयांचा टूल सेट घेतला. वडील स्वतःची चेतक स्वतःच खोलायचे, मग मला का जमू नये, असा विचार. दोन्ही गाड्यांचं ऑइल घरी बदलून झालं. आता स्कूटरचे ब्रेक शू आणि बेल्ट बदलायचाय. पत्नीचं म्हणणं : ‘मोटरसायकलचं काय करायचं ते करा, स्कूटरच्या ब्रेकला हात लावायचा नाही.’ त्यावरून घरात अबोला. ‘माझं चुकतंय का? आणि गॅरेजवाल्यावर पुन्हा विश्वास ठेवायचा तर कशाच्या जोरावर?’ ताजा कलम : काढलेलं जळकं ऑइल एका कॅनमध्ये साठवलंय, ते कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून लावलं तर चालेल का?

उत्तर :

नमस्कार,

ब्रेक, विश्वास, मानापमान, सगळं बोलूच. पण आधी एक काम करा. गाड्यांत ओतलेल्या नव्या ऑइलचा कॅन बाहेर काढा आणि मागचं लेबल वाचा. तुम्ही लिहिलंय, ‘स्वस्त पडतं म्हणून साडेतीन लिटरचा एकच कॅन आणला आणि दोन्ही गाड्यांना वापरला.’ साडेतीन लिटरचे कॅन बहुतेक करून चारचाकीच्या ऑइलचे असतात. तुमच्या मोटरसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. चारचाकीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात. इंजिनाला ती बरी, पण क्लच प्लेटा त्याने घसरायला लागतात. म्हणून मोटरसायकलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं हवं (जासो, JASO, म्हणजे दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक). स्कूटरचा क्लच कोरडा, ऑइलच्या बाहेर. तिला ‘जासो एमबी’ चालतं आणि बऱ्याच कंपन्या तेच सांगतात. लेबलवर जासोचं नावच नसेल, किंवा ‘एमबी’ असेल, तर मोटरसायकलमधलं ऑइल लगेच बदला. चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी उचलत नाही, असं अजून जाणवलं नसेल तर नशीब समजा. स्कूटरसाठी ग्रेड पुस्तिकेशी जुळतोय का ते बघा, बहुधा १०डब्ल्यू-३० असेल.

हे सुरुवातीलाच सांगितलं, कारण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर यातच आहे. व्हिडिओत बोल्ट काढणं, ऑइल ओतणं, बोल्ट लावणं छान दिसतं. कुठलं ऑइल, हे तो माणूस अर्ध्या वाक्यात उरकतो, कारण त्याच्यासमोर एकच गाडी असते. ज्या नाक्यावरच्या मिस्त्रीला तुम्ही चोरांच्या यादीत टाकलंत, तो मोटरसायकलमध्ये चारचाकीचं ऑइल कधीच टाकणार नाही. दिवसाला आठ-दहा गाड्या हाताखालून गेल्या की काही गोष्टी विचार न करताही बरोबर होतात. तुम्ही हुशार असाल, तरी ती सवय विकत मिळत नाही.

आता सर्व्हिस सेंटर. फिल्टरचे पैसे घेतले आणि फिल्टर बदलला नाही, म्हणजे तुम्ही फसलात, यात वाद नाही. पण तुमचं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट खटकली. त्यात बिल आहे, राग आहे, १०८ नगांचा टूल सेट आहे, रात्री दीडपर्यंत बघितलेले व्हिडिओ आहेत. तुम्ही तो कुरतडलेला फिल्टर आणि बिल घेऊन तिथे परत गेलात, असं मात्र कुठेही नाही.

का नाही गेलात? ‘काय उपयोग’ म्हणून? की भांडायला नको म्हणून? आपल्याकडे हे फार दिसतं. दुकानदारासमोर गप्प बसायचं आणि घरी येऊन ‘आता पुन्हा तिथे पाऊल ठेवणार नाही’ अशी शपथ घ्यायची. पाऊल न ठेवल्याने त्या सेंटरचं काहीच बिघडत नाही. तिथलं काम कसं चालतं ते बघा. काउंटरवरचा सल्लागार जॉब कार्ड लिहितो, स्टोअरमधून पार्ट निघतो, आत तिसराच माणूस गाडीवर काम करतो. पार्ट बिलाला लागला म्हणजे गाडीला लागलाच असं नाही. हे कधी लबाडीने होतं, कधी शनिवारच्या गर्दीत घिसाडघाईने. कशाने झालं हे त्यांना विचारल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही, आणि विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

चार महिने झाले तरी उशीर झालेला नाही. फिल्टरचा फोटो, बिलाची प्रत आणि चार ओळींचं लेखी पत्र वर्क्स मॅनेजरच्या नावाने द्या, पोच घ्या. आठवड्यात उत्तर नाही आलं तर तेच कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, अर्ज ऑनलाइन होतो. एवढ्याशा फिल्टरसाठी आयोगापर्यंत जावं लागेल असं मला वाटत नाही. कागदावर आलेली तक्रार बहुधा दुसऱ्या पायरीवरच मिटते. ‘चार महिन्यांत तुम्हीच गाडीत काही बदललं असेल’ असं ते म्हणतील. म्हणू देत. म्हणूनच पुढच्या वेळी गाडी ताब्यात घेतानाच झाकण उघडून बघायचं.

बिलातल्या बाकीच्या तीन नावांबद्दल. तुमच्या स्कूटरबरोबर आलेल्या पुस्तिकेत शेवटाकडे देखभालीचा तक्ता असतो, किती किलोमीटरला काय तपासायचं आणि काय बदलायचं त्याचा. त्या तक्त्यात ‘इंजिन फ्लश’, म्हणजे रसायन घालून इंजिन आतून धुणं, शोधा. बहुधा सापडणार नाही. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या इंजिनाला त्याची गरजही नसते. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणारा भाग, साफ करणं हे खरं काम आहे, पण गाडी सिग्नलला बंद पडत असेल, आयडलिंग वरखाली होत असेल तर. आणि टेफ्लॉन कोटिंग म्हणजे बॉडीला चमक. हवं तर करा, नको तर नको. हे गुन्हे नव्हेत, विक्री आहे. तक्त्यात नसलेल्या प्रत्येक कामाला ‘हे का?’ एवढं विचारलं की निम्म्या ओळी बिलातून गळतात.

फिल्टरचंही एक सांगून ठेवते. बऱ्याच स्कूटरना तेलात भिजवलेल्या कागदाचा फिल्टर असतो. तो हवा मारून साफ करायचा नसतो, मुदत झाली की बदलायचाच असतो. कुणी कॉम्प्रेसरची हवा मारून ‘फिल्टर क्लीन’चे पैसे लावले तर पैसे गेलेच, वर फिल्टरही गेला. तुमचा तर उंदराने कुरतडलाय. तक्रारीसाठी फोटो काढून घ्या आणि तो आजच बदला. चार स्क्रूंचं काम आहे, हे तुम्हीच करा.

नाक्यावरच्या मिस्त्रीबद्दल मात्र मला शंका आहे, तुमच्या निदानाबद्दल. चेन-सेट वर्षात गेला म्हणजे तो डुप्लिकेटच होता, असं ठरवताना मधल्या वर्षभरात चेनला तेल किती वेळा दिलंत? १०० सीसीच्या मोटरसायकलची चेन साधारण दर ५०० किलोमीटरला साफ करून वंगण द्यायची असते. मध्यभागी बोटाने वरखाली केल्यावर ती २० ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे. त्याहून ताठ असेल तर स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात खाते, सैल असेल तर उड्या मारते. पावसाळ्यातला चिखल आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी खराब केलेल्या रस्त्यावरची धूळ यात कोरडी चालवलेली कंपनीची चेनसुद्धा लवकर जाते. मिस्त्री निर्दोष आहे असा माझा दावा नाही. जुना सेट तुमच्याकडे असेल तर स्प्रॉकेटवर कंपनीची खूण आणि पार्ट नंबर कोरलाय का बघा. नसेल तर तुमचं खरं. पण न बघता शिक्का मारू नका. डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे हे खरंच. पुण्यात नाना पेठेत एकाच गल्लीत तीन किमतींचे ब्रेक शू मिळतात. पार्ट स्वतः घ्यायचा तर कंपनीच्या स्पेअर काउंटरवरून, जुना नग हातात घेऊन, बिलासकट.

वडिलांच्या चेतकचा दाखला तुम्ही दिलात. ती गाडी टू-स्ट्रोक होती. व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाही, सेन्सर तर नाहीच. प्लग काळा झाला की काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, पॉइंट साफ करायचे, कार्ब्युरेटरचं जेट फुंकून बघायचं. नाहीच चालू झाली तर एका कुशीवर वाकडी करून पुन्हा किक. ती गाडी मालकाने उघडावी अशीच बनवलेली होती, आणि तिची काही कुरबुर रोजच असल्याने वडिलांचा हात रोजच चालायचा. तुमची स्कूटर एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांतली. फ्युएल इंजेक्शन आहे, कंट्रोल युनिट आहे, इंजिनाचा दिवा लागला तर त्याचा कोड वाचावा लागतो. आणि तिची कुरबुर वर्षातून दोनदा. दोनदा केलेल्या कामाला हात बसत नाही. वडिलांचा वारसा चालवायचा असेल तर त्यांची एक गोष्ट नक्की घ्या : काम करताना घाई नाही, आणि काढलेला प्रत्येक नट कागदावर ओळीने मांडलेला. त्यांनीही असंच केलं असणार, पैज लावते.

मग घरी काय करायचं आणि काय नाही? माझी रेघ सोपी आहे. काम हातात घेण्याआधी विचारायचं : हे चुकलं तर काय होईल? गाडी चालू होणार नाही, ऑइल ठिबकेल, हॉर्न वाजणार नाही, असं उत्तर आलं तर ते काम तुमचं. फार तर ढकलत गॅरेजला न्याल. गाडी चालू होईल, व्यवस्थित पळेल आणि हवी तेव्हा थांबणार नाही, असं उत्तर आलं तर ते काम सध्या तुमचं नाही. ब्रेक, चाकाचा ॲक्सल, हँडलचा कोनसेट (बेअरिंग), पुढचा फोर्क, हे सगळं रेघेच्या पलीकडे.

रेघेच्या अलीकडेही काम नीट शिकायला हवं. ऑइलचंच घ्या. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करायचं, उकळतं नको. डबल स्टँडवर सपाट जागी. खाली पसरट टब. ड्रेन बोल्ट सैल केल्यावर शेवटचे आटे बोटांनी सोडवायचे. काही स्कूटरमध्ये ऑइलची जाळी वेगळ्या झाकणामागे असते. झाकण काढलं की स्प्रिंग आणि जाळी ऑइलबरोबर टबात पडतात. स्प्रिंगची कुठली बाजू आत होती हे आधीच बघून ठेवलं नाही तर नंतर काळ्या ऑइलात बोटं घालून तर्क करत बसावं लागतं. बोल्टचं वायसर दर वेळी नवं. आणि सर्वांत महत्त्वाचं : बोल्ट लोखंडी, इंजिनाचं केसिंग ॲल्युमिनियमचं. तुमच्या सेटमधल्या लांब दांड्याच्या रॅचेटने ‘अजून थोडा’ म्हणून आवळलात की आटे गेलेच. मग लेथवाल्याकडे केसिंगला नवे आटे पाडून घ्यायचे, म्हणजे इंजिन उतरवण्यापर्यंत पाळी येऊ शकते. १०८ नगांत टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, आहे का बघा. या किमतीच्या सेटमध्ये सहसा नसतो. छोट्या रेंजचा एक वेगळा घ्या आणि पुस्तिकेतला आकडा पाळा. ऑइलची पातळी बघताना बऱ्याच दुचाक्यांत डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची असते, आटे फिरवायचे नसतात. आटे फिरवून बघितलं तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते, आणि तुम्ही कमी ऑइलवर खूश राहता.

बाकीची कामं भराभर सांगते. प्लग गार इंजिनावर काढायचा, नवा आधी हाताने पूर्ण बसवायचा, मग पान्याने साधारण अर्धा फेरा, बास. बॅटरीची मायनस वायर काढताना आधी, लावताना शेवटी. टायरची हवा आठवड्याला, गार टायरवर, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे. पंपावरचा पोरगा सगळ्यांना एकच आकडा मारतो. केबलला तेल, बल्ब, फ्यूज, इंडिकेटर, आरसे. आणि मोटरसायकलची चेन साफ करून वंगण देणं, ते आता तुमच्या नावावर.

यातून पैसे किती वाचतील, हेही खरं खरं बघू. ऑइल आणि पार्ट तुम्हाला विकत घ्यावेच लागतात. वाचते ती मजुरी, आणि आपल्याकडे दुचाकीची मजुरी अजून शेकड्यांत आहे. दोन गाड्यांच्या वर्षाच्या चार-सहा ऑइल चेंजमधून तुमचे ६,५०० निघायला काही वर्षं जातील. तुम्ही बघता ते व्हिडिओ बरेचसे अमेरिकेतले. तिथे मेकॅनिकच्या तासाचा भाव ऐकून माणूस आपोआप पाना उचलतो, आणि बऱ्याच घरांना पक्क्या फरशीचं गॅरेज असतं. तिकडे राहणारे आपले लोकही तसंच करतात, ते योग्यच आहे. तुमच्याकडे अंगणातला उतार आणि मोबाइलचा टॉर्च आहे. तरीही करा, पण ‘पैसे वाचवतोय’ असं घरात सांगू नका. आवडतं म्हणून करतोय, आणि गाडी कळावी म्हणून करतोय, असं सांगा. ते खरंही आहे आणि पत्नीला ते आधीच ठाऊक असणार.

आता त्यांच्याकडे येऊ. तुम्हाला अपमान वाटला, कारण तुम्ही त्यांचं वाक्य ‘तुम्हाला येत नाही’ असं ऐकलंत. मला ते असं ऐकू येतं : ज्या गाडीवर मी पोरीला मागे बसवून चौकातून जाते, तिच्यावर शिकू नका. त्यांनी मोटरसायकलला ना केलेली नाही, तुमच्या छंदालाही नाही. गाडी जो चालवतो, तिच्या ब्रेकबद्दल शेवटचा शब्द त्याचा. इथे कौशल्याचा प्रश्नच येत नाही. तुम्ही उद्या पट्टीचे मेकॅनिक झालात तरी त्या ‘नको’ म्हणाल्या तर नको.

आणि त्यांची भीती तांत्रिकदृष्ट्याही बिनबुडाची नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. तुमच्या स्कूटरला बहुधा कॉम्बी असेल, म्हणजे डावा लिव्हर दाबला की मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक काही प्रमाणात लागतो. दोन्हींची सेटिंग एकमेकांवर अवलंबून. मागची केबल जास्त ताणलीत तर ब्रेक घासत राहून ड्रम तापतो, सैल ठेवलीत तर पुढचा भलत्याच वेळी लागतो. मागचे शू बदलायला बऱ्याच स्कूटरमध्ये सायलेन्सर उतरवावा लागतो, आणि मागच्या ॲक्सलचा नट शंभर न्यूटन-मीटरच्या (आवळण्याच्या जोराचं माप) पुढे आवळायचा असतो. तेवढं अंदाजाने जमत नाही. शू फाकवणाऱ्या कॅमला लावलेलं ग्रीस बोटाला लागून शूच्या लायनरवर गेलं, तर ब्रेक अंगणात ठीक वाटतो आणि उतारावर दगा देतो. शिवाय आतली काळी पूड तोंडाने फुंकायची नसते. जुन्या किंवा हलक्या शूमध्ये फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं.

ब्रेक बदलू नका, पण ब्रेक तपासायला जरूर शिका. ड्रमच्या बाहेर, ब्रेकच्या आर्मपाशी एक छोटा बाण असतो आणि शेजारी केसिंगवर खूण. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचला की शू संपले. हे बघायला गुडघ्यावर बसावं लागतं आणि मिनिट लागतं. एवढं माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला कुणी वेळेआधी शू विकू शकत नाही.

बेल्टचं म्हणाल तर, तो तुटला तर गाडी सहसा फक्त थांबते, म्हणजे माझ्या रेघेप्रमाणे तुमचा. पण व्हेरिएटर (बेल्ट फिरवणारी पुढची पुली) धरून ठेवायला खास होल्डर लागतो. स्क्रूड्रायव्हर अडकवून नट सोडवणारे व्हिडिओ आहेत, तसं केल्याने पंखा तुटतो. एकदा मिस्त्रीशेजारी उभं राहून बघा, पुढचा तुम्ही बदला. त्यालाही पत्नीची परवानगी लागेलच.

तुमचा खरा प्रश्न : विश्वास कशाच्या जोरावर? माझ्या मते तो आंधळा असायची गरजच नाही. मी ज्या मिस्त्रींकडे गाडी देते ते काढलेला प्रत्येक जुना पार्ट एका कॅरीबॅगमध्ये घालून हँडलला अडकवून ठेवतात. बिल देताना पिशवी उघडून दाखवतात : हा तुमचा प्लग, हे शू, हे वायसर. न्यायचं तर न्या, नाहीतर भंगारात. मी कधी मागितलं नव्हतं, त्यांची पद्धतच तशी. तुम्ही मात्र मागा, जॉब कार्डवर लिहूनच घ्या : ‘जुने पार्ट परत हवेत.’ नव्या गॅरेजला पहिल्यांदा मोठं काम देऊ नका. फिल्टरच्या कडेला मार्करने बारीक ठिपका काढा, ओडोमीटरचा फोटो घ्या, अंदाजे खर्च आधी लिहून घ्या आणि वाढणार असेल तर फोन करायला सांगा. शनिवारी गाडी टाकू नका. मंगळवारी-बुधवारी सकाळी न्या आणि शक्य असेल तर थांबा. यात कुणाचा अपमान नाही. चांगल्या मिस्त्रीला बघणारं गिऱ्हाईक आवडतं, आणि ज्याला आवडत नाही त्याच्याकडे का जायचं?

आणि स्कूटर नेताना पत्नीला बरोबर न्या, किंवा त्यांनाच नेऊ द्या. बऱ्याच घरांत गाडी बायको चालवते आणि गॅरेजला नवरा नेतो. ‘वळताना डावीकडून करकर येते’ हे त्यांना माहीत, मिस्त्रीला पोचतं ते ‘काहीतरी आवाज येतो’. तक्रार त्यांनी सांगावी, काम झाल्यावर चक्कर त्यांनी मारावी, ब्रेक पसंत पडला तर पैसे द्यावेत. तुमचं नवं ज्ञान तिथे कामाला येईल, मिस्त्री काय सांगतोय ते दोघांनाही समजेल.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. गाडी वॉरंटीत असेल तर ‘बाहेर हात लावला की वॉरंटी गेली’ हे वाक्य जसंच्या तसं मानू नका. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या निकालात १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्याबद्दल. केवळ बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असंही त्यात होतं. ते प्रकरण पुढे अपिलात गेलं, आणि ते चारचाकींचं होतं. त्यामुळे व्यवहारात आपली वॉरंटीची पुस्तिका वाचणं आणि प्रत्येक कामाचं बिल जपणं हेच हाताशी राहतं. चारचाकीवाल्यांनी वायपर, केबिन फिल्टर, बल्ब खुशाल बदलावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, गरम इंजिनावर कूलंटचं झाकण उघडू नये, एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला आणि इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलला हात लावू नये. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑइल काढण्याआधी सेक्रेटरीला विचारावं. फरशीवरचा डाग कुणाचा, यावर पुढच्या तीन मीटिंग जातात.

राहिलं जळकं ऑइल. खांबांना लावू नका. जुने लोक लावायचे, पण त्यात इंजिनाच्या झिजेचे धातू आणि कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात. पावसात ते धुपून जमिनीत जातं आणि तुमच्या विहिरी-बोअरपर्यंत पोचू शकतं. हाताला लागलं तरी साबणाने धुवा, पुढच्या वेळी ग्लोव्हज घाला. गटारात तर अजिबात नको. २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. गॅरेजवाल्यांकडे त्यासाठी ड्रम असतो, तो भरला की ते पुनर्प्रक्रियेसाठी घेणाऱ्याला विकतात. कॅन घेऊन नाक्यावरच्या त्याच मिस्त्रीकडे जा, तो नाही म्हणणार नाही. मोटरसायकलवरूनच जा, आणि जुना चेन-सेट पिशवीत घेऊन जा. तो कशाने गेला, हे त्याच्याच तोंडून ऐका.